दतिया गेट अंदर

झाशीच्या जुन्या शहरात पत्ता सांगण्याची एक खास रीत आहे. शहरकोटाच्या दरवाजांपैकी जो घराला जवळचा असेल त्याचे नाव घ्यायचे आणि त्यापुढे ‘अंदर’ किंवा ‘बाहर’ एवढा एकच शब्द जोडायचा. ओरछा, दतिया, सागर, भांडेर ही दरवाजांची नावे त्या त्या गावांकडे जाणाऱ्या वाटांवरून पडली. कोटाची भिंत पुष्कळ ठिकाणी घरांच्या भिंतींत मिसळून गेली, तरी आतले कोण आणि बाहेरचे कोण हा भेद पत्त्यात टिकून राहिला आहे. एखाद्या पाकिटावर हा शब्द लिहायचा राहिला, तर पोस्टमनला दरवाजाच्या दोन्ही अंगांना फिरावे लागते.

दतिया गेटच्या आत एका गल्लीत एक मराठी घर आहे. नेवाळकरांच्या अमलात कोकणातून आणि देशावरून जी कुटुंबे बुंदेलखंडात आली, त्यांपैकीच हे एक. घरातील सर्वांत वडील गृहस्थांना सारे अण्णा म्हणतात. वय अठ्याहत्तर. आयुष्य रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार खात्यात गेले. ते नोकरीला लागले तेव्हा झाशी विभाग मध्य रेल्वेत होता. २००३ साली तो उत्तर मध्य रेल्वेत गेला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत अण्णा निवृत्त झाले. मुले पुणे आणि इंदूर येथे असतात. घरात आता अण्णा, वरच्या मजल्यावर भाडेकरूंचे बुंदेली कुटुंब आणि एका लाकडी पेटीत ठेवलेली आईची वही.

सगळे प्रकरण सुरू झाले ते या वहीपासून. अण्णांची आई सागरच्या मराठी घरातून लग्न होऊन दतिया गेटला आली. तिने जवळजवळ चाळीस वर्षे एका जाड वहीत जे सुचेल ते लिहिले: वाणसामानाचे हिशेब, लोणच्याची प्रमाणे, कोणाच्या घरी कधी पाळणा हलला, आणि शेजारच्या बायकांच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या. तिच्या मराठीत बुंदेली शब्द सहज येऊन बसत. पण ‘ळ’ मात्र तिने एकदाही सोडला नाही. चहूकडे हिंदी असताना ‘वेळ’चा ‘वेल’ होऊ द्यायचा नाही, एवढा निग्रह तिच्या अक्षरात दिसतो. पाने आता कडांनी तुटू लागली होती. पुढच्या पिढीला हे अक्षर वाचता येणार नाही, हे अण्णांस ठाऊक होते. म्हणून त्यांनी ती वही स्वतःच्या हाताने, अक्षराला अक्षर ठेवून, संगणकावर उतरवण्याचे ठरवले.

‘अक्षराला अक्षर’ या आग्रहामागे एक कारण होते. १८५८च्या वेढ्याच्या वेळी झाशीत असलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला, तेव्हा मूळ लेखनात बरेच फेरफार झाले होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ वाचकांच्या हाती यायला १९६६ साल उजाडावे लागले. ते काम दत्तो वामन पोतदारांनी केले. झाशीच्या मराठी घरांत या पुस्तकाविषयी जी आस्था आहे तिला धरूनच अण्णा म्हणत, की भटजींचे लेखन सुधारणारे भेटले, आईचे सुधारायला कोणी नको.

संगणक होता तो नातवाने टाकून दिलेला लॅपटॉप. जुन्या यंत्राला नवी प्रणाली झेपेना, म्हणून पुण्याच्या नातीने दिवाळीच्या सुटीत त्यावर लिनक्स घालून दिले. ही यंत्रणा युनिक्सच्या घराण्यातली. युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. त्याच वळणाचे केंद्रक लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहून सर्वांस खुले केले. अण्णांस या इतिहासाचे फारसे अप्रूप नव्हते. त्यांस भावली ती एक निराळीच गोष्ट. या घराण्यात प्रत्येक उपकरण ही एक फाइल मानली जाते. कळफलक ही फाइल, माऊस ही फाइल, टचपॅड ही फाइल. आणि ज्याला अधिकार आहे त्याला ती उघडून आत काय चालले आहे ते पाहता येते. शिवाय केंद्रक स्वतःची एक रोजनिशी ठेवते. कोणते उपकरण केव्हा जोडले गेले, कोणी उत्तर दिले, कोणी दिले नाही, याची क्षणाक्षणाची नोंद तीत असते. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे रिले-रूमच्या वह्यांत बिघाडांच्या नोंदी केल्या, त्याला हे यंत्र आपल्या जातीचे वाटले तर नवल नाही. उपकरणांच्या फाइली ज्या निर्देशिकेत असतात तिचे नाव ‘डेव्ह’. अण्णा ते ‘देव’ असे वाचत आणि नातीने दुरुस्त केल्यावरही तसेच वाचत राहिले.

पहिला प्रश्न अक्षरांचा होता. अण्णांची बोटे कचेरीतल्या हिंदी टाइपरायटरवर तयार झालेली. लॅपटॉपवर होती इनस्क्रिप्ट नावाची मांडणी. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी ती प्रमाण ठरवली. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे असतात, आणि सर्व भारतीय लिप्यांना शक्य तितक्या त्याच कळा दिलेल्या आहेत. टाइपरायटरवर जसे दिसते तसे ठोकायचे, म्हणजे ऱ्हस्व इकार आधी आणि व्यंजन मागून. इनस्क्रिप्टमध्ये जसे उच्चारायचे तसे ठोकायचे. साठ वर्षांपूर्वीची सवय मोडायला अण्णांस दीड महिना लागला. ‘ळ’ मिळाला तो ‘ल’च्याच कळीवर, शिफ्ट धरून. ‘दऱ्या’ लिहिताना मात्र ‘दर्या’ उमटे आणि डोंगरातल्या वाटा समुद्रात जात. त्यावरही उपाय निघाला: शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की नुक्त्याचा ‘ऱ’ येतो, त्याला हलन्त जोडून ‘या’ दिला की मराठीचा चंद्रकोरीसारखा अर्धा ऱ उभा राहतो. हे साधले त्या दिवशी अण्णांनी पुण्याला फोन करून नातीला नुसता ‘दऱ्या’ हा शब्द वाचून दाखवला.

आणि नंतर कळफलक मरू लागला.

मरू लागला म्हणजे असे, की चांगले चाललेले लेखन मध्येच थांबे. कळ दाबावी तर काही उमटू नये. दहा कळा दाबाव्या तेव्हा एखादे अक्षर यावे. यंत्र बंद करून चालू केले की पुन्हा ठीक. नातीने फोनवर सांगितले, ‘‘आजोबा, कळफलक जुना झालाय, बाहेरून दुसरा लावा.’’ सदर बाजारातून दुसरा आणला. तोही दोन दिवसांनी तसाच मेला. आता दोन कळफलक एकाच रोगाने जाणे संभवत नाही, एवढा निष्कर्ष काढण्यास सिग्नल खात्यातील अनुभव पुरेसा होता. बिघाड उपकरणात नाही, मार्गात आहे.

मग अण्णांनी मार्ग तपासायला घेतला. दाबलेली कळ अक्षर होऊन कागदावर येईपर्यंत बरीच ठाणी ओलांडते. कळफलक एक क्रमांक पाठवतो. केंद्रक तो घेऊन घटनेच्या रूपाने त्या फाइलीत टाकते. तेथून पडद्याची व्यवस्था पाहणारा कार्यक्रम तो उचलतो. मांडणीचा तक्ता पाहून क्रमांकाचे अक्षर ठरवतो. आणि शेवटी ते अक्षर लेखनाच्या खिडकीत पोहोचते. या प्रत्येक ठाण्यावर कान लावून बसण्याची साधने युनिक्सच्या घराण्यात आहेत. अण्णांनी पहिल्या ठाण्यावर कान लावला. कळफलक ‘मेलेला’ असताना कळ दाबली, तो क्रमांक पडद्यावर स्वच्छ आला: दाबली, सोडली, दाबली, सोडली. म्हणजे गाडी यार्डात वेळेवर येत होती. फलाटाला लागत नव्हती. मधल्या ठाण्यावर कोणीतरी तिला रोखून धरले होते.

रोखणारे सापडले, तेव्हा अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्यांचे हात कापतात, ज्यांची बोटे नको त्या कळीवर चुकून पडतात, त्यांच्यासाठी या प्रणालीत एक सोय असते. ती चालू असली की क्षणभर स्पर्श झालेली कळ मोजली जात नाही. कळ ठरावीक काळ दाबून धरली तरच ती मानली जाते. आणि ही सोय कळफलकावरूनच चालू करण्याची मुभा दिलेली असेल, तर त्याची खूण ही: शिफ्टची कळ आठ सेकंद दाबून धरायची. अण्णांच्या यंत्रावर ती मुभा होती. ‘ळ’ कोठे आहे ते शोधताना डावे बोट शिफ्टवर ठेवून अण्णा उजव्या हाताच्या कळा न्याहाळत बसत. आठ सेकंद सहज होत. यंत्र नम्रपणे समजे की हा हात दुबळा आहे, याला सांभाळून घेतले पाहिजे. सोय बंद केल्यावर कळफलक पुन्हा मेला नाही. परंतु यंत्राने आपल्याविषयी जो समज करून घेतला तो अगदीच खोटा होता का, ही शंका मात्र मागे राहिली.

या शंकेला कारण होते. कळफलकाच्या त्रासाबरोबरच टचपॅडचा त्रास सुरू होता. बाण एका जागी ठरत नसे. मजकुराच्या शेवटी नेऊन ठेवावा तो मध्येच उडी मारी, आणि पुढचे शब्द आईच्या चार ओळी मागे जाऊन पडत. एकदा लोणच्याच्या प्रमाणात अर्धी ओवी शिरली. अण्णा बोटाकडे पाहत राहत. त्यांच्या थोरल्या भावाची अखेरची नऊ वर्षे कंपवातात गेली होती. त्याचीही सुरुवात बोटांपासूनच झाली होती. हे अण्णांनी कोणासही सांगितले नाही. नातीशी बोलताना ते ‘‘बाण हलतो’’ असे म्हणत. ‘‘हात हलतो’’ असे कधी म्हणाले नाहीत.

बाहेरचा माऊस लावून पाहिला. तो तर आणखीच भ्रमिष्ट निघाला. पण याचे कारण एका संध्याकाळीच कळले: अण्णांच्या टेबलावर काच आहे आणि काचेखाली घरातल्या माणसांची छायाचित्रे. आजचा माऊस खालच्या पृष्ठभागावर प्रकाश टाकून त्याच्या बारीक खरखरीची चित्रे घेतो आणि चित्रे सरकली त्यावरून आपण किती सरकलो ते ठरवतो. स्वच्छ काचेत त्याला दिसायला काही नाही. १९६४च्या सुमारास डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत झालेला पहिला माऊस लाकडाचा होता आणि चाकांवर चाले. त्याला काचेची अडचण वाटली नसती. अण्णांनी जुन्या दिनदर्शिकेचे एक पान काचेवर ठेवले आणि माऊस सुतासारखा सरळ झाला. माऊसवर हात स्थिर आणि टचपॅडवर अस्थिर, ही गोष्ट त्यांनी टिपून ठेवली. पण तिच्यावर विश्वास ठेवण्याचे धैर्य त्यांस झाले नाही. माऊस मुठीत धरायचा असतो, आणि मुठीत धरलेली वस्तू कोणताही हात स्थिर ठेवतो.

मे महिना लागला. झाशीचा उन्हाळा ज्याने काढला त्याला त्याविषयी सांगणे नको; पारा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळतो आणि दुपारी लू दरवाजे ठोठावते. विजेचा भार वाढतो, आणि वीज जाते. कूलर थांबतो, पंखा थांबतो. लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू राहतो. अशाच एका दुपारी घामाघूम होऊन लिहीत असता अण्णांच्या ध्यानात आले की बाण हलत नाही. वीज आली, पंखा फिरू लागला, आणि बाणाची थरथर परतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रथम त्यांस वाटले की पंखा आणि कूलर यांची घरघर थांबली की मन शांत होते आणि म्हणून हात शांत होतो. या स्पष्टीकरणावर ते तीन दिवस समाधानी होते. माणूस स्वतःला दोषी मानायला किती उत्सुक असतो, याचा हा नमुनाच म्हणायचा. चौथ्या दिवशी त्यांतला सिग्नलवाला जागा झाला. पंखा चालूच ठेवून त्यांनी लॅपटॉपच्या चार्जरची वायर तेवढी काढली. बाण स्थिर. वायर लावली, बाण थरथरला.

तरीही अण्णांनी पुराव्यासाठी आणखी एक गोष्ट केली. वरच्या भाडेकरूंचा आठ वर्षांचा मुलगा उन्हामुळे घरातच कोंडला गेला होता. त्याला त्यांनी खाली बोलावून टचपॅडवर बोट ठेवायला सांगितले, हलवायचे नाही या अटीवर, आणि पहिल्या ठाण्याला कान लावला. पडद्यावर बोटाच्या जागेचे आकडे येऊ लागले. चार्जर लावलेला असताना मुलाचे बोटही नाचत होते. चार्जर काढल्यावर त्याचे आकडे दगडासारखे थांबले. मग अण्णांनी स्वतःचे बोट ठेवले. चार्जर लावून: नाच. चार्जर काढून: जवळजवळ स्थिर. जवळजवळ, कारण शेवटचा आकडा पुढे-मागे होत होता, थोडासा, सारखा, लयीत. मुलाच्या बोटाखाली तो तसा झाला नव्हता. अण्णांनी वहीत चार घरे आखून चारही निकाल लिहिले. चौथे घर रिकामे ठेवता आले असते. त्यांनी ते भरले.

आधी बाहेरचा दोष. टचपॅडच्या काळ्या पृष्ठभागाखाली विद्युत्-वाहक पट्ट्यांची जाळी असते. बोट जवळ आले की ते त्या जाळीतला विद्युतभार किंचित आपल्याकडे ओढते, आणि हा अत्यल्प फरक मोजून यंत्र बोटाची जागा ठरवते. एवढ्या सूक्ष्म मापनाला स्थिर आधार लागतो, आणि तो आधार म्हणजे जमीन. चार्जर घरातल्या २३० व्होल्ट विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करून तिला खाली आणतो. या तुकड्यांचा गोंगाट बाहेर पडू नये म्हणून त्यात बारीक संधारित्रे असतात आणि ती हा गोंगाट अर्थच्या तारेने जमिनीत सोडतात. अर्थची तारच नसेल तर तो जाणार कोठे? तो यंत्राच्या अंगावर साचून राहतो, साधारणपणे पुरवठ्याच्या निम्म्या दाबाने. प्रवाह इतका थोडा की इजा होत नाही. पण हाताची पाठ धातूच्या कडेवरून हलकेच फिरवली तर मुंग्यांसारखी झिणझिण जाणवते. ती झिणझिण अण्णांना गेले सहा महिने जाणवत होती. तीही त्यांनी आपल्याच हाताच्या खात्यावर मांडली होती.

वायरमन आला. त्याने फलक उघडला, आत पाहिले आणि म्हणाला, ‘‘बाबूजी, तीसरे छेद में तार तो है ही नहीं.’’ भिंतीवर तीन भोकांचा सॉकेट होता, चार्जरला तीन पिनांचा प्लग होता. वरची जाड पिन सर्वांत आधी आत जाते, कारण वीज पोहोचण्यापूर्वी जमीन पोहोचली पाहिजे असा या पिनेच्या लांबीचा अर्थ आहे. पण या घरात ती पिन एका रिकाम्या भोकात जात होती. जुन्या लाकडी पट्ट्यांवरची दोन तारांची वायरिंग, आणि पुढे कोणीतरी शोभेसाठी बसवलेले तीन भोकांचे सॉकेट. वायरमन सहज पुढे बोलून गेला की कूलरच्या सॉकेटलाही तार नाही.

अण्णा खुर्चीवर बसले. पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, सभोवती ओली फरशी. त्या खोलीत मुले वाढली, सून बाळंतपणानंतर तेथेच राहिली, नातवंडे प्रत्येक सुटीत कूलरपुढे गाणी म्हणत, आवाज कापरा येतो म्हणून हसत. रुळांच्या कडेला अर्थच्या खड्ड्यांत उन्हाळ्यात पाणी पडले की नाही, हे पाहण्यासाठी अण्णा मैलोगणती चालले होते. अर्थ कोरडा ठेवणाऱ्या हाताखालच्या लोकांना त्यांनी लेखी जाब विचारले होते. रेल्वेच्या सिग्नलमध्ये एक तत्त्व असते: बिघाड झाला तर सिग्नल लाल झाला पाहिजे, न दिसणारा बिघाड हा सर्वांत वाईट. त्यांच्या स्वतःच्या घरात तो चाळीस वर्षे न दिसता बसला होता, आणि तो दाखवला कोणी, तर लोणच्याच्या प्रमाणात ओवी घुसवणाऱ्या एका बाणाने. त्या दिवशी कूलर चालला नाही. रात्री सगळे घर उकाड्यात जागे राहिले आणि कोणी तक्रार केली नाही.

खड्डा अंगणात तुळशीजवळ खणला. बुंदेलखंडची जमीन खाली सगळी ग्रॅनाइटची. पुरुषभर खोली व्हायच्या आतच पहारीने खणखणून खडक सांगितला. वायरमनला वाटले काम संपले. अण्णांनी त्याला सांगितले की खडक लागला तर नळी तिरपी घालता येते, तसा नियमच आहे, आणि स्वतः खुर्ची टाकून तेथे बसले. लोखंडी नळी तिरपी गेली; भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दाबले; पाणी ओतले; तेथून हिरवी तार प्रत्येक सॉकेटच्या तिसऱ्या भोकापर्यंत आली. या कामाला लॅपटॉपच्या मोबदल्यापेक्षा अधिक पैसे पडले. संध्याकाळी अण्णांनी चार्जर लावून टचपॅडवर बोट ठेवले. आकडे थांबले.

म्हणजे पूर्णपणे थांबले नाहीत. चौथ्या घरातला निकाल होता तसाच राहिला.

त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. बाहेरचे सारे दोष दूर झाले, आणि आता जे उरले ते आतले होते. लिहिताना ‘न’ कधी कधी दोनदा उमटे. बोट कळीवरून उठे आणि त्याच क्षणी, न सांगता, पुन्हा टेके. अण्णा डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी विचारले, हात स्वस्थ पडलेला असताना कापतो की काम करताना? त्यांनी एक गोल गोल चक्र काढायला लावले आणि एक ओळ लिहायला सांगितली. अण्णांनी ती मराठीत लिहिली. डॉक्टरांस ती वाचता आली नाही. पण त्यांस मजकूर नको होता, अक्षर पुढे पुढे बारीक होत जाते का एवढेच पाहायचे होते. ते झाले नव्हते. अण्णांनी चार घरांची वही पुढे केली. डॉक्टरांनी ती कुतूहलाने पाहिली, भावाच्या आजाराविषयी दोन-चार प्रश्न केले आणि सहा महिन्यांनी पुन्हा यायला सांगितले. कंपवात आहे असे ते म्हणाले नाहीत. नाही असेही म्हणाले नाहीत.

घरी आल्यावर अण्णांनी नातीला प्रथमच ‘‘हात हलतो’’ असे सांगितले. पलीकडे थोडा वेळ आवाज आला नाही. मग ती म्हणाली, ‘‘आजोबा, त्यालाही एक सोय आहे. पण तुम्हाला चालेल का?’’ जी सोय न मागता मिळाली तेव्हा त्यांना अपमान वाटला होता, तिच्याच शेजारची ही. एकच कळ फार थोड्या वेळात दुसऱ्यांदा दाबली गेली, तर ती दुसरी दाब मानायची नाही. किती थोडा वेळ, हे आपण ठरवायचे.

अण्णांनी त्या दुपारी काटा एक सेकंदावर ठेवला. दुहेरी ‘न’ गेला. पण ‘गगन’ लिहिले ते ‘गन’ उमटले, ‘ममता’ची ‘मता’ झाली आणि आईचे ‘तत्काळ’ पहिल्याच अक्षरात अडखळले. त्यांनी काटा अर्ध्यावर आणला. ‘गगन’ परत आले; ‘तत्काळ’ घाईने लिहिले तर अजूनही तुटत होते. मग पाव सेकंदावर. तेथे एक सीमा सापडली. मनाने जाणून दोनदा दाबलेली कळ पाव सेकंदाच्या पलीकडे पडत होती, आणि हाताने आपल्या मनाने दाबलेली अलीकडे. अण्णांनी वहीत पाचवे घर आखून तेवढा आकडा आणि त्या दिवसाची तारीख लिहिली, सहा महिन्यांनी ताडून पाहण्यासाठी.

मग ते उठले. दिवस उतरला होता. बादली भरून त्यांनी अर्थच्या खड्ड्यात पाणी ओतले, उरलेले तुळशीला घातले, आणि परत येऊन वहीचे एकशे बारावे पान काढले. त्या पानावर आईने कोणाच्या तरी बाळाच्या बारशाची वेळ लिहून ठेवली होती. अण्णांनी डावे बोट शिफ्टवर ठेवले आणि ‘वेळ’ हा शब्द ‘ळ’सकट लिहिला.